गालावरची तुटकी रेघ

तोंड रंगवायला रिमुयला आरसा पुरायचा, चित्र लागायचं नाही. नाचाच्या हॉलमधल्या बाकीच्या बाया भिंतीवर डकवलेल्या जुन्या फोटोकडे बघत गालांवर पट्टे ओढायच्या, आणि तरी कुणाचा पट्टा नाकात शिरायचा तर कुणाचा कानाखाली घसरायचा. रिमुय काजळीत काडी बुडवायची आणि कानापासून ओठांपर्यंत, दोन्ही गालांवर, जाळीचा पट्टा सरसर उतरवून मोकळी व्हायची. "तुझ्या बोटांना डोळे फुटलेत का गं?" बाया विचारायच्या. ती हसून वेळ मारून न्यायची. खरं सांगायचं तर आईचं नाव काढावं लागलं असतं, आणि ते तिला नको होतं.

तिची आई पिसुय. डोंगरातल्या अतायल जमातीच्या बायकांची जी शेवटची पिढी खरोखर गोंदली गेली, त्यातली. अंगचं कापड स्वतः मागावर विणून दाखवल्याखेरीज मुलीच्या गालाला सुई लागत नसे, आणि गोंदल्याखेरीज ती बाई म्हणून गणली जात नसे. पिसुयच्या तरुणपणी तैवानवर जपान्यांचं राज्य होतं आणि गोंदायला पोलिसांची बंदी. म्हणून तिचं गोंदण राळ्याच्या शेतातल्या खोपटात चोरून झालं. निम्म्यावर काम आलं असताना खाली पोलिसाचा कुत्रा भुंकला, गोंदणारीचा हात हलला आणि डाव्या गालावरची एक रेघ तुटली ती तुटलीच. मग तोंड भोपळ्याएवढं सुजलं आणि पिसुय बोरूच्या नळीने पेज ओढत पडून राहिली. माणूस मेलं की इंद्रधनुष्याच्या पुलाच्या टोकाशी पूर्वज उभे राहतात आणि तोंड बघून आपलं माणूस पलीकडे घेतात, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. एवढ्यासाठी सूज सोसायला तिची काही हरकत नव्हती.

अशा बाईच्या पोटी रिमुय जन्मली आणि नऊ वर्षांची होऊन सपाटीवरच्या शाळेत जाऊ लागली. तोवर जपानी गेले होते. सोमवारी आई तिला बसने पोचवायची, सोबत आल्याची नि बांबूच्या कोंबांची टोपली बाजारात न्यायची. शाळेतल्या मुलींना आयता विषय मिळाला. "तुझ्या आईने शाईची दौत चाटली का गं?" एकीने विचारलं आणि सगळा वर्ग खिदळला. पुढच्या सोमवारी झुलत्या पुलापाशी रिमुयने आईचा हात सोडला.

"आई, खाली जाताना टॉवेल बांधत जा ना तोंडाला."

पिसुयने तिच्याकडे बघितलं. "आणि?"

"आणि बसमध्ये माझ्याजवळ बसू नकोस."

"बरं," पिसुय म्हणाली. का, कशाला, एक शब्द नाही. कान उपटले असते तर रिमुय चार दिवस रडून विसरून गेली असती. पण त्या दिवसापासून पूल आला की पिसुय आपणहून टोपलीतला टॉवेल बाहेर काढायची, डोळे तेवढे उघडे ठेवून गाठ मारायची, आणि बसमध्ये शेजारच्या जागेवर टोपली ठेवून एकटी बसायची. मुलीची शाळा सुटली, लग्न झालं, ट्रकवाला नवरा दुसरीकडे नांदायला गेला, तरी टॉवेल राहिला तो राहिलाच.

नवरा गेल्यावर रिमुयने धबधब्यापाशी चुआंग शेठच्या या नाचाच्या हॉलमध्ये काम धरलं. परदेशी पाहुणे, शहरातली नवी जोडपी बसा भरभरून यायची. पुरुष छापील कापडाचं बिबळ्याचं कातडं पांघरून नाचायचे, आणि ज्या मुलखात कुणी कधी ढोल बडवला नव्हता तिथे म्हशीच्या चामड्याचा ढोल घुमायचा. रिमुय कोपऱ्यात माग कमरेला बांधून बसायची. तिला विणायला येत नव्हतं, शिकायच्या वयात ती आईपासून लांब बसत होती ना! विकत आणलेलं अर्धं कापड लावून ती नुसती फळी ठोकायची. वर्ष गेलं, कापड बोटभर वाढलं नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही. पाहुणे खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे. संध्याकाळी ती तेल लावून पट्टा पुसायची आणि सुट्टीला डोंगरात घरी गेली की आईला सांगायची, "शेठच्या हॉटेलात भांडी असतात, दुसरं काय." आईला हे कळू नये, एवढी एकच धास्ती तिने उराशी बाळगली होती.

सणाच्या आदल्या आठवड्यात पिसुयने राळ्यात मुरवलेल्या डुकराच्या मांसाची बरणी टोपलीत घातली आणि मुलीला द्यायला म्हणून न सांगता खाली आली. हॉलमागच्या स्वयंपाकघरात विचारलं तर आचारी म्हणाला, "रिमुय? ती काय तिकडे, मागावर. इकडे कधी फिरकते ती?"

रिमुयने मान वर केली तेव्हा टॉवेल बांधलेली आई पुढ्यात उभी होती. हातातली फळी तिथेच थांबली. पिसुय आधी मागाकडे बघत राहिली, मग खाली बसली आणि तिने मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. खरबरीत बोट कानापासून सरकत डाव्या गालावर येऊन थांबलं.

"इथं बाईचा हात हलला होता," ती हळूच म्हणाली. "तूही इथंच तोडलीस?"

रिमुयला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. रोज तिचा हात ती रेघ त्याच जागी तोडत होता. जे तोंड चारचौघांत बघायची तिला लाज वाटायची, ते तिने इतकं नीट बघून ठेवलं होतं. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आई, अगं, हे नुसतं कामापुरतं..."

"एक धागा तरी विणलास का यातला?"

रिमुयने मान हलवली. नाही.

पिसुयने तोंडावरचा टॉवेल सोडला, त्याच्या टोकाला थुंकी लावली आणि लहान पोराचं नाक पुसावं तसा मुलीचा गाल पुसायला घेतला. दाबून, खसाखसा. एका गालाची जाळी फिसकटून ओठावर आली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. पाहुण्यांचा घोळका वळला. पिसुयचं तोंड उघडं होतं. सपाटीवर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"ही खरी आहे!" चुआंग शेठ धावतच आला. "रिमुयबाई, तुमच्या आई का? अहो, मग आजवर लपवून कुठे ठेवल्यात? मावशी, इकडे बसा, उजेडात. कातडीतलं आहे हो, बोट लावून बघा, निघत नाही!"

कॅमेरे वर आले. एका बाईने खरंच बोट पुढे केलं. पिसुय बावरली, टॉवेल छातीशी धरून मुलीकडे बघू लागली. रिमुयला त्या बोटाचा, शेठचा, सगळ्यांचा संताप आला. ती आईच्या पुढे उभी राहिली आणि तिच्या तोंडून जे निघायचं ते निघून गेलं.

"टॉवेल बांध, आई!"

पिसुयने क्षणभर तिच्याकडे बघितलं. "बरं," ती म्हणाली, आणि काजळीने बरबटलेला तो टॉवेल तिने तोंडाला घट्ट बांधला.

रिमुयने माग तिथेच टाकला. मागून शेठ हाका मारत होता, तिने वळून बघितलं नाही. एक गाल रंगलेला आणि एक फिसकटलेला, अशीच ती आईमागून बसमध्ये चढली. लोक तिच्याकडे टकामका बघत होते. पिसुय खिडकीशी बसली आणि सवयीने टोपली शेजारच्या जागेवर ठेवली. रिमुय टोपलीपाशी दांडा धरून उभी राहिली.

"आई, टोपली मांडीवर घेते मी."

"राहू दे. मागं आहे की जागा."

बस सुटली. रिमुय हलली नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावरची उरलीसुरली काजळी घेऊन खाली उतरत होतं.

"मघाशी मी तसं नव्हते गं म्हणत," ती म्हणाली. "त्या लोकांमुळं म्हणाले."

"तेव्हाही लोकांमुळंच म्हणाली होतीस," पिसुय म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि ती खिडकीबाहेर बघत बसली. पूल येईपर्यंत रिमुय तशीच उभी होती.