भुजंगचा वर्ग सोमवारपासून

किल्लारीच्या भूकंपात महादेवीचे आईवडील आणि धाकटी बहीण अंजू गेली. महादेवी तेवढी देवणीला मामाकडे होती, म्हणून वाचली. मामांनीच तिला वाढवलं, कॉम्प्युटर शिकवलं. आता ती लातुरात एका कोचिंग क्लासचं सॉफ्टवेअर सांभाळायची आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. ऑफिसात तिच्याशी कुणी बोललं, तर प्रोग्रॅम अडल्यावरच.

जूनमध्ये क्लासच्या सरांनी नवी बॅच तयार करायला सांगितली. विषय, शिक्षक, वेळापत्रक सगळं गेल्या वर्षीचंच, म्हणून तिने जुन्या बॅचच्या ऑब्जेक्टची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या तिच्या अख्ख्या नोंदीची, नक्कल काढली. नकलेला डेटाबेसमधला जुना क्रमांक चिकटून राहिला, तर सेव्ह करताना मूळ बॅचवरच सगळं लिहिलं जातं, हे ती जाणून होती. तो तिने आठवणीने काढला. पण बॅचला जोडलेलं काय सोबत न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं. वेळापत्रकाबरोबर जुने विद्यार्थीही नव्या बॅचमध्ये आले आणि त्यांच्या पालकांना मोबाइलवर निरोप गेले.

फोन सुरू झाले. सर चिडले. महादेवी एकेकाची माफी मागत राहिली.

दुसऱ्या दिवशी हिमायतनगरहून ग्यानोबा स्वतःच आले. त्यांचा भुजंग गेल्या वर्षी या क्लासला होता. दिवाळीनंतर तापाने गेला. त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. ‘भुजंगचा वर्ग सोमवारपासून सुरू होत आहे.’

तिने त्यांचीही माफी मागितली.

“चूक झाली ते कळलं मला, ताई,” ते म्हणाले. “पण घरात त्याचं नाव आता कुणीच घेत न्हाई. तुमच्याकडून आलं, म्हनून आलो.”

तो कुठे बसायचा, असं त्यांनी विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. तिने तसं सांगितलं आणि त्यांना रिकाम्या वर्गात नेलं. दोघं एका बाकावर टेकले.

“माझी बहीण होती,” ती म्हणाली. “अंजू.” हे नाव तिने कितीतरी वर्षांत उच्चारलं नव्हतं.

“केवढी होती?”

“तीन वर्षांची.”

निघताना ग्यानोबा म्हणाले, भुजंगचं नाव नव्या बॅचमधून काढा, जुन्यात मात्र राहू द्या.

त्यांना ऑटोत बसवून ती परतली. नव्या बॅचमधून जुने विद्यार्थी काढले, जुन्यात भुजंगचं नाव तसंच ठेवलं. नकलेत फक्त विषय, शिक्षक आणि वेळापत्रक जाईल, अशी दुरुस्ती तिने केली. एव्हाना सगळे जेवायला निघून गेले होते. तिला कुणी हाक मारली नव्हती. तिने टेबलावरच डबा उघडला.