दाजींची इभ्रत

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. ती नीट भाजली, टोपल्यात टाकली, मग हात धुतले. निरोप्या म्हणाला, देवमाणूस गेला. तीन आठवडे झाले, येडशीजवळच्या त्यांच्या गावात अजून तेच चाललंय... दाजींनी देवळाला घंटा दिली, दाजी कधी कुणाला अरे म्हणाले नाहीत. खरंय. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा जीव घेतानाही ते अगदी अदबीनं बोलले.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत हैदराबादच्या फेऱ्यांतून दाजींनी परमा, बाहेरख्यालीपणातला गुप्तरोग, घरी आणला. स्वतः तिथल्या हकिमाचं औषध गुपचूप घेऊन वरवर बरे झाले. आक्का महिनाभर ओटीपोट धरून तापानं फणफणत होती. तिनंच मला सांगितलं आणि गप्प राहायची शपथ घातली. पुढं चार वर्षं मूल नाही, तर वांझ कोण? तीच. मग एकदा पाळी चुकली, घरानं पेढे वाटले आणि थोड्याच दिवसांत आक्का कळ येऊन उंबऱ्यात कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "आधी कधी ओटीपोटाला सूज आली होती? मालकांना परमा? शरम सोडून सांगा. जुन्या सुजेनं गर्भाशयाची नळी चिकटली असंल तर गर्भ तिथंच अडकतो, नळी फुटते. मग ऑपरेशनला आजच सोलापूर गाठावं लागंल."

"आमच्या घराण्यात असली घाण न्हाय, साहेब," दाजी म्हणाले. आक्कानंही त्यांच्याकडं बघून नकारार्थी मान हलवली. मला सगळं ठाऊक होतं, आणि मी पदराशी चाळा करत उभी राहिले. डॉक्टरसाहेबांनी साधं पोटदुखीचं औषध दिलं, आणि सोलापूरकडं नेणारी येडशीची गाडी निघून गेली. संध्याकाळी आक्का गेली. दाजींनी वर्षाच्या आत दुसरी केली, शेवंता.

सुतक फिटल्यावर भेटायला गेले, तर दाजींची आई डोळे पुसता पुसता हसत होती. शेवंताची पाळी चुकली होती, वारस येणार होता! शेवंता मात्र पोट दाबून भिंतीला टेकलेली. विचारलं तर म्हणाली, "लग्न झाल्यापास्नं दुखतंय, ताई. आता लईच."

भरल्या बैठकीत मी दाजींचा आजार नाव घेऊन सांगितला.

म्हातारी कडाडली, "मेलेल्या माणसाची इज्जत काढतीस व्हय गं?"

"त्यांची राहू द्या. ही जिवंत हाय," मी म्हणाले, आणि शेवंताला बैलगाडीत घालून येडशीची गाडी गाठली.

सोलापुरात डॉक्टरीणबाईंनी तिची एक नळी काढली. म्हणाल्या, उद्या आणली असती तर उपयोग नव्हता. तिच्या खाटेशी बसून मी हे लिहितेय... गावात दाजींच्या तसबिरीला हार घालताहेत म्हणे. घालू देत. शेवंतानं आत्ताच डोळे उघडून पेज मागितलीय.