जिपा गायब होण्याचा बग

"मॅडम, माझ्या पाच जिपा गेल्या," फोनवरचा माणूस म्हणाला.

"गेममधल्या ना?" मी विचारलं.

"मग काय दारातल्या? दारातली कवाच इकली."

हे दत्तामामा. हिर्डोशीचे. माझा नंबर त्यांना मंगेश नावाच्या आमच्या एका खेळणाऱ्यानं दिला होता. मी पुण्यातल्या एका छोट्या गेम कंपनीत कम्युनिटी मॅनेजर आहे, म्हणजे गेम खेळणाऱ्यांचं ऐकून घेणारी. ऑफिस पुण्यात आहे. मी भोरला घरून काम करते.

आमच्या गेमचं नाव 'वडापवाला'. मोबाईलवर जीप चालवायची, घाटातल्या गावांमधून पॅसेंजर भरायचे, पोचवायचे आणि हळूहळू दुसरी, तिसरी जीप घ्यायची. जिथं एसटी कमी येते तिथं अशा भरून जाणाऱ्या जिपेला वडाप म्हणतात. पुण्यातल्या खेळणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं. दत्तामामांना नाही. ते वीस-बावीस वर्षं खरी वडाप चालवत होते. एका अपघातात पायाचं हाड मोडलं, ते नीट जुळलं नाही, आणि जीप विकावी लागली. तेव्हापासून ते पडवीत बसून आमचा गेम खेळतात. गेममधल्या पहिल्या जिपेला त्यांनी आपल्या विकलेल्या जिपेचाच नंबर दिला होता.

"सकाळी उघडलं तर गॅरेज रिकामं," ते म्हणाले. "वर लिवलंय, वडापच्या धंद्यात आपलं स्वागत आहे."

हे वाक्य नव्या खेळणाऱ्यासाठी असतं. मीच लिहिलंय.

मी त्यांना नेहमीचे प्रश्न विचारले. जीप कुठं होती? घाटात. नेटवर्क होतं का?

"हिर्डोशीत? परड्यात गेलं की येती एक काडी. पर मला कुठं उठाया येतंय? हितं पडवीत येती आन जाती."

मी ऑफिसला फोन केला. आमचे बॉस निनाद सर. माणूस वाईट नाही, घाईत असतो.

"माहितीये मला तो इश्यू," ते म्हणाले. "लिस्टमध्ये आहे."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून असेल. पण तो रिप्रोड्यूस होत नाहीये ना."

रिप्रोड्यूस होणं म्हणजे चूक आपल्यासमोर पुन्हा घडवून दाखवता येणं. ते जमलं नाही तर प्रोग्रॅमर त्या चुकीला हात लावत नाहीत.

"सर, तो नेटवर्क तुटल्यावर येतो. ऑफिसात वायफाय आहे."

"मग प्लेयर्सना सांग, वायफायवर खेळा."

हे मी दत्तामामांना सांगितलं नाही.

"मग निदान विकीवर तरी लिहू या का?" मी विचारलं. "लोक सावध होतील."

"नको. उगाच पॅनिक होईल. ते आत्याबाईचं पान छान आहे बघ. तसं काहीतरी लिहा."

इथं विकीबद्दल सांगायला हवं. विकी म्हणजे खेळणाऱ्यांनी मिळून लिहिलेली माहितीची वेबसाइट. साइट चालवायचा खर्च कंपनी करते, मजकूर खेळणारे लिहितात, आणि मी मध्ये बसते, कधी एखादं पान लिहितेही. मजकुरात कंपनीनं ढवळाढवळ करायची नाही असं सुरुवातीलाच ठरलं होतं. तोंडी.

गेममध्ये बग, म्हणजे चुका, भरपूर असतात. आमच्याही आहेत. एक कोंबडी भिंतीतून आरपार जाते. एका वळणावर वडाचं झाड रस्त्यापासून हातभर वर तरंगतं. सगळं लिहायला घेतलं तर विकीत दुसरं काही उरणार नाही. त्यामुळे कोणता बग लिहायचा आणि कोणता सोडायचा यावर आमच्यात कायम वाद. आत्याबाई ही गेममधली एक पॅसेंजर. ती एकदा बसली की उतरतच नाही. गाव आलं, तालुका आला, तरी मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. बगांमध्ये तिचं पान सगळ्यात मोठं होतं. फोटोंसकट.

विकी लिहिणारे तसे बरेच आहेत, पण मुख्य दोघं. मंगेश वेल्ह्याकडचा. कापूरहोळला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गेममध्ये सगळ्यात जास्त जिपा कुणाकडं याची एक यादी असते, लीडरबोर्ड. त्यात मंगेश पहिला. विकी लिहिणाऱ्या दुसऱ्या म्हणजे रोहिणीताई, उत्रोलीच्या. घरची भातशेती, दोन म्हशी. दुपारी घर शांत झालं की त्या विकीवर येतात आणि इतरांनी लिहिलेलं दुरुस्त करतात. त्यांना सगळे थोडे घाबरतात. मीही.

मी दोघांना दत्तामामांचं सांगितलं. दोनच दिवसांत मंगेशचा फोन. "मॅडम, दुकानात या. घडवून दाखवतो."

मी गेले. रोहिणीताई आधीच येऊन स्टुलावर बसल्या होत्या. काउंटरवर उघडे पडलेले फोन, बाहेर हायवेचा आवाज. मंगेशनं एका जुन्या फोनवर गेम लावला, जीप घाटात नेली आणि नेट बंद-चालू, बंद-चालू केलं. गॅरेज रिकामं. वडापच्या धंद्यात आपलं स्वागत आहे.

"आपला खेळ दोन ठिकाणी सेव्ह होतो," तो म्हणाला. "एक कॉपी फोनमध्ये, एक कंपनीकडं. घाटात रेंज तुटली की दोन्हींचा मेळ बसत नाही. मग गेम सरळ कोरं गॅरेज दाखवतो. पण फोनमधली कॉपी जात नाही. हे बघा."

त्यानं गेम बंद केला. फोन एअरप्लेन मोडवर टाकला, गेम पुन्हा उघडला. जिपा होत्या. त्यातली एक त्यानं पुढच्या थांब्यापर्यंत नेऊन उभी केली, मग एअरप्लेन मोड काढला. जिपा राहिल्या.

"मग लिवा की," रोहिणीताई म्हणाल्या. "वाट कसली बघता?"

"थांबा ताई. आता हे बघा." मंगेशनं तेच सगळं पुन्हा केलं. या वेळी जिपा जागेवर असताना. गेमनं फोनमधल्या जिपा आणि कंपनीकडच्या जिपा दोन्ही धरल्या आणि बेरीज केली. गॅरेज दुप्पट झालं.

औषध आणि चोरीची युक्ती एकच होती. एक लिहिली की दुसरी लिहिल्यासारखीच.

"हे विकीवर टाकलं तर लीडरबोर्ड संपला," मंगेश म्हणाला. "मी एकेक जीप करून वर आलोय, मॅडम. जेवताना खेळलोय, बायकोच्या शिव्या खाऊन खेळलोय. मामांना आपण फोनवर सांगू. ज्याच्या जिपा जातील त्याला फोनवर सांगू. विकीवर नको."

बोलणं चुकीचं नव्हतं. मला ते पटायलाही लागलं होतं.

"मामांकडं तुझा नंबर व्हता," रोहिणीताई म्हणाल्या. "ज्याच्याकडं न्हाई त्यानं काय करायचं?"

मंगेशनं काउंटरवरचा एक उघडा फोन उगाच जवळ ओढला.

"आत्याबाईचं येवढं मोठं पान केलं आपण. ते वाचून कुणाची एक जीप तरी वाचली का? गंमत लिवायला आपल्याला लई वेळ. आन ज्यानं मान्साचं नुसकान व्हतं ते म्हनं लिवू नगा."

"माझं पण नुकसानच आहे ना, ताई."

"तुझा पयला नंबर जाईल. त्यांच्या जिपा गेल्यात."

मंगेशनं फोन माझ्याकडं सरकवला. "तुम्हीच ठरवा, मॅडम. पान तुम्ही लिहिणार, मी नाही लिहिणार. पण काढणार पण नाही."

घरी येऊन मी आधी दत्तामामांना फोन लावला आणि एकेक पायरी सांगितली. त्यांच्या मिसेस मध्येच ओरडल्या, "विमान कशाला लावताय?" एअरप्लेन मोडचं चित्र बघून त्या घाबरल्या होत्या. मग फोनवर बराच वेळ काहीच ऐकू येईना. मला वाटलं रेंज गेली.

"आली," दत्तामामा म्हणाले. आवाज एकदम बारीक. "माझी जुनी आली. नंबर हाय तसा हाय."

मी म्हटलं, "बाकीच्या पण बघा."

"बगतो वो. आदी हिला बगू द्या."

बग घडवून दाखवता येतो हे मी ऑफिसला कळवलं, तर पुन्हा 'लिस्टमध्ये आहे' असंच उत्तर आलं. मग मी पान लिहिलं. वर बग काय आहे ते, मग तो कुठं येतो, मग उपाय. शेवटी एक वाक्य ठळक अक्षरात टाकलं: जिपा गेल्या नसतील तर हा उपाय करू नये, जिपा दुप्पट होतात. अक्षरं ठळक असल्यामुळे ते वाक्य सगळ्यांनी वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लीडरबोर्डवर मंगेशला शोधायला मला बराच वेळ स्क्रोल करावं लागलं. पहिल्या नंबरवरच्या माणसाकडं इतक्या जिपा होत्या की आकडा चौकटीबाहेर गेला होता. मंगेशच्या जिपा मात्र होत्या तेवढ्याच होत्या. युक्ती त्यानंच शोधली होती, पण वापरली नव्हती. मी त्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "दुकानात गिऱ्हाईक आहे," आणि फोन ठेवला.

दत्तामामांचाही फोन आला. "मॅडम, खात्रीसाठी परत एकदा केलं. धा झाल्या. आता डायवर कुठनं आणू?" पाच कशा काढून टाकायच्या ते त्यांना हवं होतं. गेममध्ये तशी सोय नव्हती. हे आम्हाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग निनाद सरांचा फोन.

"ते पान आत्ताच्या आत्ता काढ."

"सर, मजकुरात कंपनी ढवळाढवळ करणार नाही असं ठरलंय."

"कुठे ठरलंय?"

"तोंडी."

माझी नोकरी जाणार असं मला त्या वेळी अगदी स्पष्ट वाटलं. भोरमध्ये बसून गेम कंपनीची दुसरी नोकरी मिळणं अवघड आहे. तरी मी म्हटलं, "मी काढलं तर रोहिणीताई परत टाकतील. त्यांच्याकडे कॉपी आहे."

"कोण रोहिणीताई?"

"तुम्ही त्यांना ओळखत नाही ते बरंय, सर."

पान राहिलं. उन्हाळ्यापासून लिस्टमध्ये पडलेला बग त्या दिवशी लिस्टच्या माथ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला एक प्रोग्रॅमर लॅपटॉप घेऊन भोर स्टँडवर उतरला. मी त्याला हिर्डोशीच्या एसटीत बसवलं आणि सोबत गेले, कारण परतीची गाडी नसेल तर काय करायचं हे त्याला कळलं नसतं. दत्तामामांच्या पडवीत बसून त्यानं गेम चालू केला. रेंज आली, गेली, आली, गेली. गॅरेज रिकामं.

"झाला रिप्रोड्यूस!" तो आनंदानं ओरडला.

"हितं रोज व्हतोय," दत्तामामा म्हणाले.

त्याच आठवड्यात अपडेट आलं. फुकटच्या जिपा काढल्या गेल्या. ज्यांच्या जिपा हरवल्या होत्या त्यांना जमेल तेवढ्या परत मिळाल्या. काही जण मात्र उन्हाळ्यातच वैतागून गेम काढून टाकून गेले होते, ते काही आले नाहीत. लीडरबोर्ड जागेवर आला. मंगेश पुन्हा पहिला. रोहिणीताईंनी माझ्या पानातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि 'हा बग आता येत नाही' अशी ओळ वर टाकली.

निनाद सरांनी मला विचारलं, "इतका सिरियस होता तर आधी नीट का नाही सांगितलंस?"

विकीवर कोणता बग लिहायचा याचा निकाल तेव्हापासून लागलाय. ज्यानं खेळणाऱ्याचं काही जातं तो आधी, गंमत नंतर. मी मात्र यातून आणखी एक गोष्ट शिकले. ज्या बगनं खेळणाऱ्याचं नुकसान होतं तो ऑफिसच्या लिस्टमध्ये महिनोन्महिने पडून राहतो. ज्यानं त्याचा फुकट फायदा होतो तो त्याच आठवड्यात दुरुस्त होतो. त्यामुळे हल्ली कुठलाही बग ऑफिसला कळवण्याआधी मी त्यातून कुणाचा फायदा होतो का ते शोधते. बहुतेक वेळा सापडतो.