मायच्या हातातलं कुरडू

मंडळी, आज मायले पहिल्यांदाच चिखलदऱ्याले नेलं. चांगली उघाड होती. पठारावर जिकडे पाहा तिकडे तेरडा अन् कुरडू फुललेलं.

मी फोटो काढून राहिलो होतो. मांगं पाहतो तं माय वाकून कुरडू उपटून राहिली! मूठभर झालं होतं.

“काहून उपटतं वो माय?”

ती दचकली. जनम निंदणात, तण उपटण्यात गेला तिचा. कपाशीत कुरडू दिसलं का हात जातेच.

“आपलं वावर समजली मी,” म्हणून हसली. मंग मुठीतल्या गुलाबी तुऱ्यांकडे पाहतच राहिली. “किती साजरं आहे रे! मले कधी दिसलंच नाई.”

तिच्या त्या निंदणावरच मी शिकलो, मंडळी.

आता तेच कुरडू तिनं घरी देवापुढं ठेवलं आहे. तुमच्या मायले काय पाहाचं राहून गेलं, विचारलं का कधी?