कुजबुजबाई

आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशी एकच पाटी होती आणि ती नेमकी ग्रंथपालांच्या डोक्यावर टांगलेली होती. तिच्याखाली बसून उज्ज्वलाताई ज्या आवाजात बोलत, त्यानं ती पाटी एखाद दिवशी खिळ्यासकट खाली येईल अशी मला धास्ती वाटे. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. प्रयत्न करीत, नाही असं नाही. मान खाली घालीत, तोंडाशी हात धरीत, डोळे बारीक करीत. कुजबुजीची सगळी तयारी होई आणि मग जे काही बाहेर पडे ते नाक्यावरच्या पानवाल्यालाही ऐकू जाई. म्हणून कोणा वाचकानं त्यांचं नाव कुजबुजबाई ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "छान आहे की," त्या म्हणत, "माणसाचं ध्येय नावातच असावं."

मी बडोद्याला नवा होतो. सांगलीहून येऊन वाघोडियाच्या एका कारखान्यात लागलो होतो आणि नागरवाड्यात खोली घेऊन राहत होतो. गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. पण मराठी-गुजराती बहिणी बहिणी, त्यात काय शिकायचंय, अशा घमेंडीत होतो. पहिल्याच आठवड्यात आमचा फोरमन घड्याळाकडे बघत ओरडला, "मोडुं थई गयुं! मोडुं थई गयुं!" मला वाटलं, काहीतरी मोडलं. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं आणि अख्खी लाइन बंद पाडली. तो बिचारा फक्त उशीर झाला असं म्हणत होता.

त्याच संध्याकाळी मी वाचनालयात गेलो आणि ताईंच्या टेबलावर वाकून अगदी हलक्या आवाजात विचारलं, "गुजराती शिकायचं एखादं पुस्तक मिळेल का?" का हवंय ते त्यांनी विचारलं, मी भोळेपणानं सांगितलं. ताईंनी तोंडाशी हात धरला, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "म्हणजे उशीर झाला म्हणून तुम्ही मशीन बंद पाडलंत?"

सबंध दालनातली वर्तमानपत्रं एकदम खाली आली. लोक इतके हसले की मीही हसू लागलो. हसणं ओसरल्यावर ताई उभ्या राहिल्या. "पुस्तक देते. पण पुस्तक काही उलटून बोलत नाही. यांना गुजराती कोण शिकवेल? कोणाला वेळ आहे? कोईने टाइम छे?"

खिडकीपाशी एक उंच, गंभीर गृहस्थ बसले होते. त्यांनी हात वर केला. हे हसमुखभाई. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत जन्म गेलेला, शेजारी सगळे मराठी, त्यामुळे मराठी उत्तम. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मात्र सगळी नोकरी कारखान्याच्या बॉयलरपाशी झाल्यानं त्यांचे कान जवळजवळ गेले होते. परिणामी मी गुजराती शिकलो ती ओरडून. आजही मी गुजरातीत साधा चहा मागितला तरी समोरच्याला मी भांडतोय असं वाटतं.

ताईंची पद्धत मला पुढे कळत गेली. कोणी काही विचारायला आलं की त्या आधी कपाटातलं पुस्तक काढून देत. मग एक पाऊल पुढे जात. पुस्तकात जे नाही ते कोणाला तरी माहीत असणारच आणि तो माणूस बहुधा याच दालनात पेंगत बसलेला असणार, अशी त्यांची खात्री होती. वाचनालयात संगणक आला तेव्हा माहिती भरणाऱ्या तरुणाला त्यांनी विचारलं, "पुस्तकाचं नाव आहे, लेखक आहे, प्रकाशक आहे. माणसाचा रकाना कुठाय?" त्याला कळेना. "अहो, या विषयातलं कोणाला विचारायचं, तो रकाना!" तसा रकाना त्या संगणकात नव्हता. मग ताईंनी पुस्तकांतच चिठ्ठ्या घालायला सुरुवात केली. कलमं बांधण्याच्या पुस्तकात मला एकदा चिठ्ठी मिळाली: 'पुढचं जोशीकाकूंना विचारा. नागरवाडा. दुपारी झोपतात, उठवू नये.'

याचे घोटाळेही होत. एका सज्जनांनी बिचकत बिचकत घोरण्यावर काही पुस्तक आहे का असं विचारलं. ताई कुजबुजल्या, "कोण घोरतं? तुम्ही की वहिनी?" वहिनी मासिकांच्या टेबलापाशी बसल्या होत्या. त्या ताडकन उठून म्हणाल्या, "काय सांगितलं त्यांनी?" त्यानंतर दोन्ही बाजूंचं म्हणणं आम्ही सगळ्यांनी सविस्तर ऐकून घेतलं. दुसऱ्या एकीचा पोपट बोलायचा थांबला होता. त्यावर रेल्वेतल्या एका निवृत्त गार्डनी लांबूनच विचारलं, "पिंजरा गॅलरीतून आत घेतलाय का?" घेतला होता. परत बाहेर टांगला आणि पोपट बोलू लागला. बाई पेढे घेऊन आल्या.

मी एकदा त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही लग्न का नाही केलंत?" तोवर आमची एवढी ओळख झाली होती. त्या म्हणाल्या, "बघायला यायचे की. हळू आवाजात काहीतरी विचारायचे. मी उत्तर द्यायचे. मग परत यायचे नाहीत." आणि स्वतःच खदखदून हसल्या. हसमुखभाईंनी वर्तमानपत्रातून मान वर करून पाहिलं.

मग ताईंचा घसा बसला. आधी सगळ्यांना गंमत वाटली. मग आवाज चिरका झाला, फाटला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आहेत, काढायला हव्यात. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कारण त्यानं घशाला जास्तच ताण पडतो. हे ऐकून ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होत्या, आयुष्यभर जमलं नाही ते उगाच शिकत बसले.

नेमकं त्याच सुमारास वाचनालयाच्या समितीपुढे एक अर्ज आला. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना शांत जागा हवी होती. मागणी रास्त होती. घरं लहान, घरात टीव्ही, मुलं जाणार कुठे? पण समितीच्या मनात असं आलं की वर्तमानपत्रांचं दालनच बंद करावं, तिथे एसी लावून एकेकट्याचे कप्पे करावेत आणि उज्ज्वलाताईंना मागच्या खोलीत पुस्तकं बांधायच्या कामावर बसवावं. निवृत्तीला असेही थोडेच दिवस उरले होते. 'ग्रंथपालांच्या आवाजाबद्दल तक्रारी आहेत' असं एक वाक्य समितीच्या प्रस्तावात होतं.

ते वाक्य त्यांना लागलं. ऑपरेशन झाल्यावरही रजेवर न राहता त्या पाटी-पेन्सिल घेऊन कामावर येत होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी पाटीवर लिहून माझ्यापुढे धरलं, 'मी खरंच एवढा त्रास देते का हो?' डोळे भरून आले होते. तेवढ्यात पाठीमागून हसमुखभाईंनी पाटी वाचली. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे ते दालनभर गरजले, "हो, देता ने! भयंकर देता! उज्ज्वलाबेन, माझ्या घरात मुलगा बोलतो, सून बोलते, मला फक्त ओठ दिसतात. इथे मला तुमचं सगळं ऐकू येतं. म्हणून तर मी रोज येतो."

ताईंनी पाटी पुसली.

दुसऱ्या दिवसापासून हसमुखभाई ताईंच्या खुर्चीशेजारी उभे राहू लागले. कोणी काही विचारलं की ताई पाटीवर लिहीत आणि हे वाचून दाखवीत. ताईंचा आवाज नाक्यापर्यंत जात होता, यांचा त्याच्या पुढे गेला. उत्तरं मात्र त्यांना ऐकू येत नसत. ती ताई ऐकत आणि यांच्यासाठी पुन्हा पाटीवर लिहीत. मग तेच उत्तर हे पुन्हा जाहीर करीत. त्यामुळे त्या दिवसांत आमच्या वाचनालयात प्रत्येक गोष्ट दोनदा कळे.

आणि एक दिवस समितीचे अध्यक्षसाहेब पाहणीला आले. मोठे हुद्देदार होऊन निवृत्त झालेले, बोलणं मोजकं, इस्त्री कडक. त्यांनी हातातल्या फुटपट्टीनं भिंतीवर खुणा केल्या, कप्पे किती बसतील त्याचा अंदाज घेतला. जाता जाता ते ताईंच्या टेबलापाशी थांबले. इकडेतिकडे बघून वाकले आणि त्यांच्या कानात काहीतरी विचारलं. ताईंना बोलायला बंदी होती हे त्यांच्या सोयीचंच होतं. ताईंनी मान डोलावली आणि पुस्तक काढायला मला सांगावं म्हणून पाटीवर लिहिलं. मी तिथपर्यंत पोहोचायच्या आत हसमुखभाईंनी पाटी वाचली होती.

"अध्यक्षसाहेबने मूळव्याधीवर पुस्तक पाहिजे! कोणाला काही माहिती? कोईने अनुभव छे?"

अध्यक्षसाहेबांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला. ताईंनी पाटीनं तोंड झाकलं. मला वाटलं, संपलं, उद्या दालनाला कुलूप.

मग कोपऱ्यातून एक हात वर आला. मग आणखी एक. मग गार्डसाहेब उठून उभे राहिले आणि अतिशय गांभीर्यानं म्हणाले, "साहेब, आधी तिखट बंद करा." "सूरण खाता की नाही?" दुसऱ्यानं विचारलं. तिसऱ्यानं स्वतःच्या बुडाखालची मऊ, मध्ये भोक असलेली उशी काढून पुढे केली आणि म्हणाला, "बेसो साहेब, बेसो. शरम कशाची?" कोणीही हसलं नाही. साहेब थोडा वेळ उभेच राहिले. मग हळूच, फार जपून, त्या उशीवर टेकले. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्या कपाळावरची आठी उलगडली.

ते अंधार पडेपर्यंत तिथे बसले. चांगला डॉक्टर कोण, ऑपरेशन केव्हा करावं, लग्नाच्या पंगतीतून कसं सुटावं, सगळं बोलणं झालं. ताईंना हसायलाही बंदी होती. त्या टेबलाखाली पडलेली पेन्सिल शोधायच्या निमित्तानं वाकल्या त्या वर येईनात. मी वाकून पाहिलं तर पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आवाज अजिबात नव्हता.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी सांगितलं, "मुलांना वरचा मजला द्या. एसीही तिथेच बसवा. खालच्या दालनाला हात लावायचा नाही." कोणीतरी कारण विचारलं. "तिथे कामाची माहिती मिळते," असं म्हणून साहेबांनी पुढचा विषय घेतला. वरची मुलं खूश झाली. अभ्यासाचा कंटाळा आला की तीही खाली येऊन बसू लागली.

ताईंना बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी दालन गच्च भरलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार." इतकंच. पण ते इतकं बारीक, इतकं मऊ आलं की पुढच्या रांगेच्या मागे ते कोणाला ऐकू गेलं नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, आता हाच आवाज, ओरडायचं कधीच नाही. टाळ्या पडल्या, पण मला कसंसंच झालं. हसमुखभाई ताईंच्या ओठांकडे बघत होते. नंतर ते उठून गेले, ते पुढे काही दिवस आलेच नाहीत.

आले तेव्हा त्यांच्या कानात यंत्र होतं. मुलानं वर्षानुवर्षं विनवण्या केल्या होत्या, त्यांनी ते कधी लावलं नव्हतं. ताईंच्या समोर खुर्ची ओढून ते बसले आणि म्हणाले, "उज्ज्वलाबेन, आता बोला. जेवढं हळू पाहिजे तेवढं."

ताईंनी विचारलं, "काय बोलू?"

"मला कुठे ठाऊक? बोलाल ते. रोज."

ताई लाजल्या. हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे कोणी वर्तमानपत्राआड तोंड लपवायचाही शिष्टाचार पाळला नाही.

त्या निवृत्त झाल्यावर दोघांनी लग्न केलं. मुलगा-सून, अध्यक्षसाहेब, गार्डसाहेब, पोपटवाल्या बाई, सगळे होते. एकच अडचण होती. हसमुखभाईंच्या तोंडचं 'उज्ज्वलाबेन' काही जाईना, आणि बेन म्हणजे बहीण. सही करतानाही ते म्हणाले, "पहिल्यांदा तुम्ही करा, बेन." नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं कागद बाजूला ठेवून काळजीनं विचारलं, "तुमचं नातं काय म्हणालात?"

लग्नानंतर ती दोघं डभोईजवळ हसमुखभाईंच्या मूळ गावी राहायला गेली. वाचनालयात आता नवी ग्रंथपाल आहे, हुशार मुलगी आहे, तिनं संगणकात माणसांचा रकाना खरोखरच करून घेतला. पण ताई गेल्यावर कितीतरी दिवस मला दालनाच्या दारातून आत पाऊल टाकवत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. अंगणात खाटेवर बसून आम्ही पोंक, म्हणजे आपला हुरडा, खाल्ला. ताई बारीक आवाजात गावातल्या एकेकाच्या गोष्टी सांगत होत्या आणि हसमुखभाई एक कान पुढे करून ऐकत होते. कुठल्याशा गोष्टीला ते इतके हसले की कानातलं यंत्र निसटून गवतात पडलं. आम्ही तिघंही गुडघ्यांवर बसून शोधू लागलो. ताईंना ते आधी दिसलं, हसमुखभाईंच्या चपलेपासून वीतभर अंतरावर. "हलू नका," त्या म्हणाल्या. त्यांना कसं ऐकू येणार? त्यांनी पाय उचलला. ताईंनी छातीभर श्वास घेतला आणि डॉक्टर, गाठी, सगळं विसरून ओरडल्या, "अहो, पायाखाली!"

शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. समोरच्या घरातून कोणीतरी डोकावलं. ताईंनी घाबरून गळ्याला हात लावला. हसमुखभाई एक पाय हवेत धरून तसेच उभे होते. चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं.

"एक वार पुन्हा बोला ने," ते म्हणाले.