फेटा बांधून होईपर्यंत

"ठहरो, पत्ती भिजून राहिली."

मास्तरांना काहीही विचारा, आधी हे यायचं. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवायची वेताची पत्ती जिभेवर, एक बोट वर, नजर कुठंतरी लिंबाच्या शेंड्याला. पत्ती तोंडात असल्यानं शब्द अर्धेच बाहेर पडायचे. चहा घेता का, असं विचारलं तरी तेच. चहा निवून जायचा, मग मास्तर पत्ती काढून म्हणायचे, "हौ, घेतो की." असा माणूस तुमच्याही गल्लीत एखादा असेल, बघा आठवून. आमच्याकडं होता, आणि आम्ही त्याला नीट सांभाळलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

लातुरात आमची बँड-पार्टी होती. मी ड्रम वाजवायचो. एक शिंपी हातगाडीवरच्या बॅटरीला जोडून गिटार वाजवायचा. मास्तर मूळचे देगलूरचे. तरुणपणी सिकंदराबादच्या छावणीत होते, तिथं गोव्याच्या कुणा वादकानं त्यांना जाझ शिकवला. तो त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला आणि आमच्या गळ्यात बांधला. त्यात माझा ड्रम आणि शिंप्याची गिटार मिसळली, तेव्हा मास्तर खूश होऊन म्हणाले, "ये हुआ जाझ-राक!"

"म्हणजे काय, मास्तर?"

"जाझ म्हणजे घरून निघायचं. गावभर फिरायचं, कुणाच्या ओसरीवर बसायचं, कुणाशी भांडायचं, अन् दिवे लागायच्या आत घरी यायचं. बस."

"अन् राक?"

"राक म्हणजे तू. लई मोठ्यानं वाजवतो."

आमचं हे वाजवणं सात मात्रांत चालायचं. वरातीत नाचणाऱ्यांना आठाची सवय. सातव्याला पाय उचलला तर ठेवायचा कुठं, हे कळायचं नाही. एका लग्नात नवरदेवाचे मावसे तसेच उचलल्या पायानं गटारात गेले. लोकांनी वर काढलं तर म्हणतात, "काय वाजवून राहिले रे हे? लग्न हाय का इंजन बिघडलंय?" आम्ही तोंडं लपवली. मास्तर मात्र मनापासून हसले. "पाय बरोबर उचलला होता त्यांनी," म्हणाले, "जमीनच उशिरा आली."

मग दुष्काळ पडला. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पेंटरनं आमच्या ढोलावरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहिलं, ब्रश धुवायला पाणी मागितलं, आणि आमच्या घागरीत थेंब नव्हता. मास्तर म्हणाले, "पहिले जिल्हा दिया, पानी बाद में देंगे."

लग्नं पुढं ढकलली जाऊ लागली. जी चार-दोन व्हायची त्यांची सुपारी दुसऱ्या बँडला जायची, कारण ते सिनेमातली गाणी वाजवायचे. आमचा झांजवाला खडी फोडायच्या कामावर गेला. शिंपी म्हणाला, अजून महिनाभर बघतो, मग गिटार काढून टाकतो. पार्टी मोडायला आली. तोंडाळ मीच, म्हणून सगळ्यांनी मला पुढं केलं. मास्तर टँकरच्या रांगेत होते.

"मास्तर, आता गाणी वाजवू. डिस्को. त्याबिगर भागत न्हाई."

बोट वर. पत्ती. रांग चार घागरी पुढं सरकली.

"अन् मी कुठं वाजवू?" मास्तर म्हणाले. मला वाटलं गमतीनं म्हणाले. गमतीनं नव्हतं ते.

तोड त्यांनीच काढली. आमच्याकडं लग्नाआधी परण्या निघतो, म्हणजे नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात. तिथं मुलीकडचे त्याला नवे कपडे घालतात, फेटा बांधतात. तेवढा वेळ बँड बाहेर पारावर रिकामा. लोक विड्या ओढतात, बायका एकमेकींची लुगडी बघतात, कुणाचं लक्ष नसतं. मास्तर म्हणाले, "रस्ता लोकांचा. पार माझा. फेटा बांधून होईपर्यंत मी माझं वाजवणार."

काय बिघडत होतं? आम्ही लगेच हो म्हटलं.

आणि गाडी लागली की हो सुरळीत! शिंपी नवी गाणी रेडिओवरून उतरवून घ्यायचा, मास्तर ती निमूट शिकायचे. मावसे, काके, सगळे नाचायचे, गटारात कुणी जात नव्हतं. नव्या जिल्ह्यात साहेब आले, सरकारी कामांचे ठेके घेणारे गुत्तेदार आले, त्यांच्या लग्नांत आमचा बँड पाहिजेच असं झालं. झांजवाला परत आला. आणि प्रत्येक लग्नात, पारावर, मास्तर घरून निघायचे.

त्यांची करामत सांगतो. एक डोळा देवळाच्या दाराकडं असायचा. आत फेट्याचे वेढे पडताहेत तोवर सॅक्सोफोन गावभर फिरायचा. तुरा खोवला की परतीची वाट धरायचा. नवरदेवाचा पाय उंबऱ्याबाहेर पडला की मास्तर घरी. एकदाही चुकलं नाही. एवढं कुणी ऐकत नव्हतं, मीसुद्धा नाही. मी आपला पुढच्या गाण्याचा विचार करत टिपऱ्या हाणायचो.

मग एका गुत्तेदाराच्या पोराचं लग्न आलं. बाप म्हणाला, "देवळापाशी कायतरी रडकं वाजवता म्हणे तुम्ही. ते न्हाई पायजे. तिथंबी नाचाचंच वाजवा." आणि मी, मास्तरांना न विचारता, हो म्हणून बसलो. एवढं मोठं गिऱ्हाईक, नाही कसं म्हणू? एका लग्नापुरतं तर आहे, असं स्वतःलाच समजावलं.

पारावर मास्तरांच्या तोंडात पत्ती होती तेव्हा मी ते सांगितलं. बोट वर झालं नाही. त्यांनी पत्ती काढली, बसवली आणि ते डिस्कोचं गाणं वाजवलं. एक सूर इकडचा तिकडं नाही. पार दणाणून गेला. लोक वा वा म्हणत होते आणि माझी मान वर होत नव्हती.

त्यानंतरच्या लग्नांत पारावर त्यांचं वाजवणं बंद. "मास्तर, वाजवा की तुमचं," मी दोनदा तरी म्हटलं. "नक्को बेटा. तुझ्या लोकांना नाचू दे." रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दरम्यान नवा जिल्हा मला पावला. कलेक्टर कचेरीत कारकून झालो. नोकरी लागली तसं लग्नही ठरलं. बँड अर्थात आपलाच. ड्रमवर नांदेडहून दुसरा माणूस आणला. पारावर काय वाजवायचं, हे मी मास्तरांना सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

मला मारुतीच्या देवळात बसवलं. बायकोचे मामा फेटा बांधायला लागले. बाहेर तेच डिस्कोचं गाणं सुरू झालं, गुत्तेदाराच्या लग्नातलं. म्हटलं, बरोबर आहे, हीच आपली लायकी.

दुसऱ्या कडव्याला गाणं जरा वाकडं गेलं. मला वाटलं, भास झाला. मग आणखी वाकडं गेलं. मग ते गाणं दारात उभं राहिलं, चपला घातल्या आणि निघालं! देवा, त्याच फालतू गाण्याचं घर करून मास्तर बाहेर पडले होते. नांदेडचा ड्रमवाला गडबडून थांबला. सॅक्सोफोन एकटाच चालला, कुणाच्या ओसरीवर बसला, कुणाशी तरी कडाकडा भांडला. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसून वाजवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मामांना वाटलं, फेटा आवळला.

"लई घट्ट झाला का, पाव्हणं?"

"हाव," म्हटलं आणि फेटा सोडला.

मामांनी पुन्हा बांधला. तुरा खोवायची वेळ आली, बाहेर सॅक्सोफोन परतीच्या वाटेला लागला. मी म्हटलं, "एका बाजूला कलला," आणि पुन्हा सोडला. मास्तरांनी दारातून ते पाहिलं. आमची नजरानजर झाली. पठ्ठ्या आल्या पावली मागं वळला आणि पुन्हा गावात शिरला!

तिसऱ्यांदा फेटा सोडला तेव्हा सासरे लालबुंद होऊन आत आले. "डोकं हाय का भोपळा? एक फेटा बसंना! तिकडं लोक अक्षता धरून उभे हायेत!" मामांनी हात टेकले. मी हट्टानं बसून राहिलो. शेवटी मास्तरच आपण होऊन घरी आले. सावकाश, त्याच गाण्याच्या पहिल्या ओळीवर. मग दारात येऊन एक बोट वर केलं.

"बस, बेटा. मुहूर्त."

मास्तर पुढं लेकीकडं देगलूरला गेले आणि तिथंच वारले. आम्हाला कळलं तेव्हा चाळिसाव्या दिवसाचा फातेहाही होऊन गेला होता. बँड कधीच मोडला होता. शिंपी आता पडदे शिवतो.

गेल्या वर्षी माझ्या पोराचं लग्न झालं. डीजेची गाडी देवळाच्या बोळात शिरेना, म्हणून कोपऱ्यावर बंद करून ठेवली. पार मोकळा होता. पोराचा फेटा दुकानातून बांधूनच आणलेला, डब्यातून काढला आणि टोपीसारखा डोक्यावर ठेवला. झालं. सगळे उठले, चला म्हणाले.

मी तो काढून ठेवला. माझ्या डोक्यावरचा सोडला आणि पोराच्या डोक्यावर पहिला वेढा घातला.

"बाबा, काय करून राहिले? मुहूर्त!"

"ठहर," मी म्हटलं आणि सावकाश दुसरा वेढा घातला.