दुसरी सही

हे मी देवीला कौल लावतानाही मनातल्या मनात बोलले नाही. देवीपासून काय लपतं म्हणा! पण तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या आमोण्याचे नाही. गावातल्या माणसासमोर हे माझ्या तोंडातून निघायचं नाही.

माझा धाकटा भाऊ उदय नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर कामाला होता. आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी डिचोलीला एका शाळेत कारकून, लग्न न झालेली — न जमलेली म्हणा, मला राग नाही — आणि जिभेने तिखट. उदयने दोडामार्गची रेश्मा पसंत केली. मुलगी वाईट होती? छे! हसरी, कामाला वाघ, मला वन्सं वन्सं करत मागे फिरायची. मग काय खुपलं मला?

थांबा. आधी आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर कळायचं नाही. गोव्यात लग्नाआधी दोघांनी कचेरीत जाऊन नोटीस द्यायची, की आम्ही लग्न करणार आहोत. ही पहिली सही. ती नोटीस फलकावर लागते, कुणाची हरकत असेल तर त्याने यावं म्हणून. मुदत सरली की साक्षीदार घेऊन दुसरी सही. ती झाली की कायद्याने नवराबायको, आणि मग नवऱ्याच्या घरादारात बायकोचा अर्धा वाटा. ती राहिली तर देवळात कितीही अक्षता पडू देत, कायद्याला ते लग्नच नाही. रेश्माचं गाव हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, तिथे वेगळं. तिथे मांडवात लग्न लागतं, कागद मागाहून. कचेरीत सही झाली, देवळात माळ पडली, म्हणजे सगळं झालं असं ती धरून चालली. तिचं काय चुकलं?

ती नोटीस लागली तेव्हा मी शाळेतून येताना वाट वाकडी करून ती बघायला जायची. दोघांची नावं, खाली गावं. कुणीतरी हरकत घ्यावी असं वाटायचं मला — हो, वाटायचं! कुणी घेतली नाही. मग मीच घेतली. पण उजळ माथ्याने नाही.

देवळातलं लग्न उरकलं आणि उदय पुन्हा बार्जवर गेला. माझी शाळा कचेरीजवळ, म्हणून तारखेचं त्याने माझ्यावर सोपवलं होतं. घरी आला की विचारायचा, “बाय, ती दुसरी सही कधी गो?” मी म्हणायची, साहेब रजेवर आहेत. कधी म्हणायची, तिथे गर्दी आहे, चतुर्थी होऊ दे. त्याने एकदाही स्वतः जाऊन बघितलं नाही. बहिणीवर कोण संशय घेतो? एकदा रेश्मानेच विचारलं, “वन्सं, अजून खंय सही करूची आसा काय?” मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हटलं, झालं गं सगळं.

का? ज्या घरात मी जन्मले त्या घरात उद्या मला कोण ठेवील, याची भीती. एवढंच. ती मला बाहेर काढील असं ती कधी वागली होती का? नाही. एकदासुद्धा नाही.

दुसऱ्या सहीलाही मुदत असते, ती टळली. मग नोटीस पुन्हा द्यायला हवी होती, तेही मी बोलले नाही. आणि एका दुपारी धारगळला हमरस्त्यावर उदयची मोटरसायकल ट्रकखाली आली.

बाराव्यानंतर रेश्मा लग्नाचा दाखला आणायला कचेरीत गेली. परत आली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. रडली नाही. म्हणाली, “तेनी माका फसयल्यान, वन्सं.” तिला वाटलं, उदयने मुद्दामच सही टाळली. बायको म्हणून घरात ठेवलं आणि बायको केलंच नाही. मेलेला भाऊ काय बोलणार! मी बोलू शकत होते. तेव्हाच, तिथेच. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, “पुरुषांचं असंच असतं बाई.”

हे मी म्हटलं. माझ्या भावाबद्दल, ज्याची राख अजून निवली नव्हती.

ती माहेरी गेली. त्याच्या वर्षश्राद्धाला आली नाही. जाताना त्याचा फोटोसुद्धा नेला नाही. घर माझ्या नावावर झालं. संध्याकाळी दिवा लावते आणि त्या फोटोकडे पाठ करून बसते. एवढं मोठं घर, आणि मला त्यात बसायला जागा नाही.

मागे डिचोलीच्या बाजारात रेश्मा भेटली. वाळली आहे. दोडामार्गला काजूच्या कारखान्यात जाते म्हणाली, बोटं काळी पडली होती. उदयचं नाव तिने काढलं नाही. तसं ते निघालं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. पिशवीतून तिने मला कोकमाची सोलं काढून दिली, नको नको म्हणत असताना माझ्या हातात कोंबली. म्हणाली, “त्या घरात तुमीच काय त्या माझ्याशी बऱ्या वागलास.”

मी सोलं घेतली. बरं आहे ना, म्हटलं, आणि बस पकडली.